स्पिटफायरचा वेग नेमका किती? जुन्या लढाऊ विमानांचे आकडे कसे वाचावेत

गप्पांना विषय शोधावा लागत नाही. हवापाण्यावरून बोलणे प्रवासाला लागलेल्या वेळावर येते, तिथून डोक्यावरून गेलेल्या एखाद्या विमानावर जाते, आणि मंडळींत जुन्या विमानांचा एक जरी शौकीन असला तरी थोड्याच वेळात दुसऱ्या महायुद्धातले स्पिटफायर ताशी किती किलोमीटर जात असे यावर वाद जुंपतो. एक जण ४५५ म्हणतो, दुसरा ५८० सांगतो, आणि तिसरा कुठेतरी वाचलेले आठवून ७२० वर ठाम राहतो. गंमत अशी की तिघांचेही बरोबर असते. पहिला आकडा ‘मार्क १’ या सुरुवातीच्या आवृत्तीचा, समुद्रसपाटीजवळचा आहे. दुसरा त्याच आवृत्तीचा, पण साडेपाच ते पावणेसहा हजार मीटर उंचीवरचा आहे. तिसरा १९४४ साली आघाडीवर आलेल्या आणि दुप्पट शक्तीचे इंजिन बसवलेल्या ‘मार्क १४’ चा, आठ हजार मीटरच्या आसपासचा आहे. कोणत्या उंचीवर, कोणत्या इंधनावर, किती भार घेऊन आणि कशाच्या सापेक्ष मोजला, एवढे कळल्याखेरीज विमानाच्या वेगाचा कोणताही आकडा अर्धवट असतो. बहुतेक वाद त्या न सांगितलेल्या अर्ध्या भागामुळे होतात.

सगळ्यात आधी उंचीचा प्रश्न. विमानाला मागे खेचणारा हवेचा विरोध हवेच्या घनतेवर अवलंबून असतो, आणि सहा हजार मीटर उंचीवर ही घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण निम्मी होते. म्हणजे तितक्याच जोरात तिथे अधिक वेगाने जाता यायला हवे. अडचण अशी की पिस्टनच्या इंजिनालाही जळण्यासाठी हीच हवा लागते. ती विरळ झाली की इंजिनाची शक्तीही घटते आणि मिळालेला फायदा तिथेच संपतो. यावर उपाय म्हणून इंजिनावर सुपरचार्जर बसवत असत. हा एक वेगाने फिरणारा पंखा असतो आणि तो विरळ हवा दाबून इंजिनात भरतो. सुपरचार्जर असला की एका ठरावीक उंचीपर्यंत इंजिन आपली शक्ती टिकवून धरते, त्या उंचीपर्यंत विमानाचा वेग वाढत जातो, आणि त्यापुढे मात्र पंख्याची ताकद अपुरी पडून वेग पुन्हा घसरू लागतो. पुस्तकांत ‘कमाल वेग’ म्हणून जो आकडा छापतात तो सहसा या शिखरबिंदूचा असतो. प्रत्यक्ष हवाई लढाई मात्र त्याच उंचीवर होईल असे नाही, आणि म्हणूनच कागदावर मागे असलेले विमान खालच्या उंचीवर समोरच्याला सहज गाठू शकत असे.

वेग वाढवणे किती महाग पडते, हे समजून घेण्यासारखे आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या विरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. याचा सरळ अर्थ असा की वेग दुप्पट करायचा तर शक्ती दुप्पट करून भागत नाही, ती आठपट लागते; उलटपक्षी इंजिनाची शक्ती दुप्पट केली तर वेग केवळ सव्वापटीच्या आसपास वाढतो. स्पिटफायरच्या दोन आवृत्त्यांवर हे गणित ताडून पाहता येते. मार्क १ च्या इंजिनाची शक्ती सुमारे १,०३० अश्वशक्ती होती आणि मार्क १४ ची सुमारे २,०५०. ५८० ला सव्वापटीने, काटेकोर सांगायचे तर १.२६ ने गुणले की ७३० येते, आणि प्रत्यक्षातला आकडा ७२० आहे. दोन्ही विमानांची शिखरउंची, वजन आणि पंखांचे तपशील सारखे नव्हते, त्यामुळे हा मेळ इतका नेटका बसण्यात योगायोगाचाही वाटा आहे. तरी वेगाच्या शर्यतीत इंजिने राक्षसी का होत गेली आणि हाती येणारे किलोमीटर इतके थोडे का होते, हे यातून चांगले कळते.

इंजिन वाढवणे इतके महाग असल्यामुळे उरलेला वेग बारीकसारीक गोष्टींतून मिळवावा लागे. १९३६ च्या मार्चमध्ये प्रथम उडालेल्या स्पिटफायरच्या नमुना विमानाने सुरुवातीच्या चाचण्यांत ताशी ५४० किलोमीटरच्या आसपास वेग गाठला होता. केवळ प्रोपेलर बदलल्यावर त्यात वीसएक किलोमीटरची भर पडली. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांची डोकी बाहेर आलेली असावीत की पृष्ठभागाशी सपाट, असा प्रश्न पुढे आला, कारण सपाट रिव्हेट बसवायला वेळ आणि पैसा दोन्ही अधिक लागत. त्याची परीक्षा स्पिटफायर बनवणाऱ्या अभियंत्यांनी मोठ्या युक्तीने घेतली. सपाट रिव्हेटांवर त्यांनी अर्धे केलेले वाटाणे चिकटवले, विमान उडवले, आणि मग ते वाटाणे थोडे थोडे काढत विमानाच्या कोणत्या भागावर त्यांचा किती परिणाम होतो ते मोजले. सगळीकडे वाटाणे असताना वेग ताशी ३५ किलोमीटरने कमी भरला होता. इंधनाचेही तसेच. १९४० मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनचे, म्हणजे अधिक दाबाखालीही वेळेआधी न पेटणारे पेट्रोल मिळू लागले. त्यामुळे इंजिनात हवा अधिक दाबाने भरता येऊ लागली आणि कमी उंचीवर त्याच स्पिटफायरचा वेग ताशी चाळीसेक किलोमीटरने वाढला. म्हणजे वर सांगितलेला ४५५ चा आकडासुद्धा जुन्या पेट्रोलचा आहे, आणि नव्या पेट्रोलवर तो पाचशेच्या जवळ जातो.

आता वेग कशाच्या सापेक्ष मोजायचा, या अधिक अवघड प्रश्नाकडे वळू. वैमानिकासमोरचा वेगमापक चाकांशी किंवा जमिनीशी जोडलेला नसतो. विमानाच्या पंखावर किंवा नाकावर समोर तोंड केलेली एक बारीक नळी असते; अठराव्या शतकात आंरी पिटो या फ्रेंच अभियंत्याने नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी अशी नळी वापरली होती, म्हणून ती पिटो नळी म्हणूनच ओळखली जाते. समोरून येऊन नळीत अडलेल्या हवेचा दाब आणि आजूबाजूच्या स्थिर हवेचा दाब यांतला फरक वेगमापक दाखवतो. साहजिकच हवा विरळ असेल तर हा फरक कमी भरतो आणि काटा खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवतो. अमेरिकेच्या मस्टँग पी-५१डी या विमानाचा कमाल वेग ७,६०० मीटर उंचीवर ताशी सुमारे ७०० किलोमीटर होता. त्या क्षणी वैमानिकासमोरचा काटा मात्र पावणेपाचशेच्या आसपास असणार. जुन्या वैमानिकांच्या आठवणींतले आकडे पुस्तकांतल्या आकड्यांपेक्षा खूप कमी वाटतात, त्यामागचे एक मोठे कारण हे आहे. दुसरे कारण एककांचे आहे. त्या काळच्या काही विमानांत मैल, काहींत नॉट आणि जर्मन विमानांत किलोमीटर वापरत. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर आणि एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, त्यामुळे नुसते ‘चारशे’ म्हटल्याने काहीच ठरत नाही.

काट्यावरचा हा वेग खोटा समजू नये. पंखांना उचलून धरणारे बल आणि सांगाड्यावर पडणारा ताण ही दोन्ही हवेच्या त्याच दाबावर अवलंबून असतात, म्हणून विमान कोणत्या वेगाखाली कोसळेल आणि कोणत्या वेगापुढे मोडेल हे वैमानिकाला काट्यावरच्या वेगानेच कळते. प्रवासाचे गणित करताना मात्र खरा हवेसापेक्ष वेग लागतो आणि त्यात वाऱ्याची बेरीज-वजाबाकी करावी लागते. ती किती मोठी असू शकते याचा धडा १९४४ च्या अखेरीस जपानवर गेलेल्या अमेरिकन बी-२९ बॉम्बफेकी विमानांना मिळाला. नऊ हजार मीटरच्या आसपास त्यांना ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाचे पश्चिमी वारे लागले. जी विमाने स्वतःच्या बळावर जेमतेम ५७५ पर्यंत जात, ती वाऱ्याबरोबर असताना जमिनीच्या हिशेबात ७०० च्या पुढे गेली आणि त्या वेगात बॉम्बफेकीचा नेम साधणे त्यांना अशक्यप्राय झाले.

पिस्टन इंजिनांच्या विमानांना ७०० ते ७५० च्या पुढे जाणे कठीण का झाले, याचे उत्तर ध्वनीच्या वेगात आहे. हवेतून ध्वनी किती वेगाने जातो हे हवेच्या तापमानावर ठरते. १५ अंश सेल्सिअस तापमानाला समुद्रसपाटीवर तो वेग ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर असतो, तर अकरा हजार मीटरच्या वर, जिथे तापमान उणे ५६ अंशांपर्यंत उतरते, तो सुमारे १,०६२ वर येतो. विमानाचा वेग आणि त्या ठिकाणचा ध्वनिवेग यांच्या गुणोत्तराला एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञावरून माख अंक म्हणतात. विमान ध्वनिवेगाच्या बरेच खाली असले तरी पंखाच्या फुगीर पाठीवरून जाणारी हवा विमानापेक्षा अधिक वेगाने वाहते. ती हवा ध्वनिवेगाला पोहोचली की तिथे धक्कातरंग निर्माण होतात, विरोध एकाएकी वाढतो आणि सुकाणू दाद देईनासे होते. अमेरिकेच्या पी-३८ या दोन इंजिनांच्या विमानाला हा त्रास माख ०.६८ च्या आसपासच सुरू होत असे, त्यामुळे मोठ्या उंचीवरून सूर मारताना ते वैमानिकाच्या ताब्यातून सुटे. पातळ पंखांचे स्पिटफायर याबाबतीत कितीतरी सरस होते. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या फार्नबरो येथील चाचणीत एका स्पिटफायरने सूर मारताना माख ०.९ च्या आसपास वेग गाठला, त्यात त्याचा प्रोपेलर तुटून गेला, आणि वैमानिकाने ते विमान इंजिनाशिवाय तरंगत आणून सुखरूप उतरवले. प्रोपेलरची आणखी एक मर्यादा अशी की त्याच्या पात्यांची टोके विमानाच्या पुढे जाण्याच्या वेगाखेरीज स्वतः गरगर फिरण्याचाही वेग घेऊन चालतात, म्हणून ध्वनिवेग ती विमानाच्या फार आधी गाठतात आणि तिथून पुढे शक्ती वाया जाऊ लागते.

जेट इंजिनाने प्रोपेलरचे हे बंधन काढून टाकले. जर्मनीचे मेसरश्मिट २६२ ताशी सुमारे ८७० किलोमीटर जात होते, म्हणजे त्या काळच्या उत्तम पिस्टन विमानांपेक्षा दीडशेहून अधिक किलोमीटर पुढे. पहिल्या महायुद्धातले सॉपविथ कॅमल १९१७ साली १८५ च्या आसपास जात होते, हे लक्षात घेतले तर सत्तावीस वर्षांत वेग जवळपास पाचपट झाला होता.

१४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगर यांनी रॉकेट इंजिनाच्या बेल एक्स-१ मधून माख १.०६ गाठला, तेव्हा त्यांचा खरा वेग ताशी १,१२७ किलोमीटर होता. हा आकडा सावकाश वाचावा, कारण तोच वेग समुद्रसपाटीवर गाठला असता तर तो माख ०.९२ भरला असता आणि ध्वनिवेग ओलांडला असे कुणी म्हटले नसते. तेरा हजार मीटरवरच्या थंड हवेमुळे ती सीमा खाली आली होती. याहून गोंधळात टाकणारी गोष्ट विक्रमांच्या यादीत सापडते. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये एफ-८६ सेबर या लढाऊ विमानाच्या नावावर जागतिक वेगविक्रम नोंदला गेला तो ताशी १,०८० किलोमीटरचा, म्हणजे येगर यांच्या आदल्या वर्षीच्या वेगापेक्षा कमी. विक्रमाच्या तेव्हाच्या नियमांनुसार तीन किलोमीटरचा सरळ मार्ग जमिनीलगत, दोन्ही दिशांना पार करून सरासरी काढावी लागे, जेणेकरून वाऱ्याचा फायदा कुणाला मिळू नये आणि उंचीबद्दल शंका राहू नये. एक्स-१ तर दुसऱ्या विमानाच्या पोटाखालून हवेत सोडलेले असल्यामुळे त्या यादीत बसतच नव्हते. मोठ्या उंचीवरच्या विक्रमांना मान्यता मिळाल्यावर चित्र झपाट्याने बदलले. १९५५ मध्ये एफ-१००सी ने १,३२३ ची नोंद केली आणि जेमतेम सात महिन्यांनी, मार्च १९५६ मध्ये, ब्रिटनच्या फेअरी डेल्टा २ ने ती १,८२२ वर नेली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, ती म्हणजे केवळ दांडगे इंजिन बसवून ध्वनिवेग ओलांडता येत नाही. अमेरिकेचे एफ-१०२ हे विमान ध्वनीपेक्षा वेगाने जाण्यासाठीच आखले होते, पण १९५३-५४ च्या चाचण्यांत त्याच्या पहिल्या नमुन्याला सरळ उड्डाणात ती सीमा ओलांडता येईना. रिचर्ड व्हिटकम्ब या संशोधकाने दाखवून दिले की ध्वनिवेगाजवळ विरोध ठरतो तो विमानाच्या संपूर्ण आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावरून, आणि हे क्षेत्रफळ नाकापासून शेपटीपर्यंत हळुवार बदलत जायला हवे. पंख जिथे जोडले जातात तिथे ते अचानक वाढते, म्हणून तिथे धड आत दाबून बारीक करावे लागते. कंबर बारीक केलेला सुधारित नमुना १९५४ च्या डिसेंबरमध्ये उडाला आणि त्याने ध्वनिवेग सहज मागे टाकला.

एकाच विमानाचे दोन आकडे किती दूर असू शकतात, याचे माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण एफ-४ फँटम हे अमेरिकन लढाऊ जेट आहे. १९६१ च्या ऑगस्टमध्ये एका फँटमने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटावरून, जमिनीपासून चाळीस मीटरही नसलेल्या उंचीवरून ताशी १,४५२ किलोमीटरचा विक्रम केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या एका फँटमने मोठ्या उंचीवर २,५८५ ची नोंद केली. दोन्ही विक्रम खरे आहेत आणि दोन्ही वेळा वैमानिकांनी हाती होते तेवढे सारे बळ लावले होते. खालच्या दाट हवेत सांगाड्यावर येणारा दाब इतका असतो की त्यापुढे जाणे विमानाला झेपत नाही. शिवाय ही विक्रमाची उड्डाणे होती. बाहेर लटकवलेली क्षेपणास्त्रे आणि इंधनाच्या जादा टाक्या चढवल्या की तेच विमान कितीतरी मंदावते, आणि आफ्टरबर्नर, म्हणजे जेट इंजिनाच्या मागच्या झोतात जादा इंधन जाळणारी सोय, पेटवल्यावर इंधन कैक पटींनी खर्च होत असल्यामुळे तो वेग काही मिनिटेच टिकतो. व्हिएतनाममधल्या हवाई लढायांत माख २ ची ही विमाने बहुतांश वेळ ध्वनिवेगाच्या खालीच झुंजली, कारण वळायला आणि शत्रूला नजरेत ठेवायला तोच वेग सोयीचा पडत असे.

गप्पा शेवटी मिग-२५ आणि एसआर-७१ ब्लॅकबर्ड यांच्यापाशी येऊन ठेपतात. या दोघांच्या बाबतीत अडसर विरोधाचा कमी आणि उष्णतेचा अधिक होता. समोरून येणारी हवा विमानाच्या नाकाशी दाबली जाऊन तापते. माख २ ला ती साधारण ११५ ते १२० अंशांपर्यंत आणि माख ३.३ ला चारशे अंशांच्या वर जाते. नेहमीचे ॲल्युमिनियम एवढ्या तापमानाला टिकत नाही. सोव्हिएत अभियंत्यांनी मिग-२५ मुख्यतः पोलादाचे केले, तर अमेरिकनांनी ब्लॅकबर्डसाठी टायटॅनियम निवडले आणि तापून विमानाचा सांगाडा फुगेल हे आधीच गृहीत धरले. त्यापायी थंड अवस्थेत त्याच्या टाक्यांच्या सांध्यांतून जमिनीवर इंधन झिरपत असे.

मिग-२५ ची अधिकृत मर्यादा माख २.८३ होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिनाईवरून गेलेल्या एका मिग-२५ चा वेग इस्रायली रडारवर माख ३.२ नोंदला गेला आणि त्या धावेत त्याची इंजिने निकामी झाली, असे सांगितले जाते. ‘मिगही तितकेच वेगवान होते’ या युक्तिवादाचा उगम बहुधा तिथे आहे. ब्लॅकबर्डची इंजिने मात्र आफ्टरबर्नर पेटता ठेवून तासाहून अधिक काळ चालतील अशीच बनवली होती. २८ जुलै १९७६ रोजी त्याने ताशी ३,५२९ किलोमीटरचा विक्रम केला, आणि हवा घेऊन चालणाऱ्या जेट इंजिनाच्या, माणूस बसलेल्या विमानाचा तो अधिकृत विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्या वेळी ते चोवीस हजार मीटरच्या आसपास होते, जिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या पंचविसाव्या भागाहूनही कमी असते. पिटो नळीच्या भाषेत सांगायचे तर पंखांना जाणवणारा वेग सातशेच्या आतबाहेर होता, आणि त्याच्या अंगावर येणारा हवेचा दाब वाळवंटावरून चाळीस मीटरवरून गेलेल्या त्या फँटमने सोसलेल्या दाबाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नव्हता.